आधी पाणी, मग दवाखाना

काळ्या कातळात खणणं म्हणजे काय, हे सह्याद्रीच्या आसपास राहणाऱ्याला वेगळं सांगायला नको. पहार उडते, हात सोलवटतात, शेवटी सुरुंग लावावा लागतो. मध्य आफ्रिकेतल्या काँगो देशातलं गोमा हे शहर असल्याच कातळावर वसलेलं आहे. न्यिरागोंगो ज्वालामुखीचा लाव्हा थंड होऊन तयार झालेली जमीन, एका बाजूला किवू सरोवर आणि शहराला लागूनच रवांडाची सीमा.

१९९४ सालच्या जुलैमध्ये अवघ्या चार-पाच दिवसांत पाच ते आठ लाख माणसं ही सीमा ओलांडून गोमाच्या परिसरात आली. रवांडात एप्रिलपासून तुत्सी लोकांचा वंशसंहार चालला होता. तो करणारी राजवट कोसळली, तेव्हा तिचे सैनिक, तिचे मारेकरी आणि सूडाच्या भीतीने घाबरलेली लाखो साधी हुतू, म्हणजे त्या राजवटीच्याच समाजातली, कुटुंबं एकाच लोंढ्यात बाहेर पडली. किबुंबा, काताले, मुगुंगा अशा छावण्या उभ्या राहिल्या. उभ्या राहिल्या म्हणजे काय, तर माणसं जिथे थकली तिथे बसली.

त्या जमिनीत संडासाचा खड्डा खणता येत नव्हता. विहीर खणता येत नव्हती. मेलेल्या माणसाला पुरताही येत नव्हतं. बहुतेकांना जवळचं पाणी म्हणजे सरोवराचं, आणि कडेला लाखो माणसांची घाण. आठवडाभरात पटकी, म्हणजे कॉलरा, लागली. पहिल्या महिन्यातच जवळपास ५०,००० माणसं मेली. दर दहा मृत्यूंपैकी साधारण नऊ जुलाबाच्या आजारांनी झाले होते, आधी पटकीने आणि मागोमाग आलेल्या रक्ती हगवणीने.

युद्धातून जिवंत सुटलेली माणसं सीमेपलीकडे पोचल्यावर मेली. हे वाचल्यापासून माझ्या मनातून जात नाही, आणि हा लेख लिहिण्याचं कारणही तेच आहे. संकटग्रस्त भागात वैद्यकीय मदत गेली असं ऐकलं की आपल्या डोळ्यांपुढे तंबूतलं शस्त्रक्रियागृह येतं. बॉम्बहल्ले चालू असतात तिथे ते लागतंच. पण लाखो माणसं एकाएकी उघड्यावर येतात, तेव्हा सगळ्यात जास्त जीव वाचवणारी मदत दिसायला फार साधी असते. टाकी, नळ, संडास, लस, पुडी.

मोजणारा माणूस

अशा ठिकाणी सगळ्यात आधी कोणीतरी मोजायला बसावं लागतं. रोज किती माणसं मरताहेत? जगभर वापरली जाणारी धोक्याची खूण अशी आहे: दर १०,००० लोकांमागे दिवसाला १ मृत्यू. आकडा लहान वाटतो, म्हणून जरा मोठा करून पाहू. महाराष्ट्रातल्या पाच लाख वस्तीच्या शहरात साध्या दिवसांत रोज आठ-दहा मृत्यू होत असतील. त्याच शहरात रोज ५० मृत्यू होऊ लागले, तर ही धोक्याची रेघ गाठली. गोमाच्या छावण्यांत पहिल्या महिन्यात हा दर २० ते ३५ होता. म्हणजे पाच लाखांच्या वस्तीत रोज १,००० ते १,७५० प्रेतं.

मोजायचं कसं? तिथे जन्ममृत्यूची नोंदवही नसते. मग कबरी मोजतात, वाटलेली कफनं मोजतात, तंबूतंबूत जाऊन विचारतात की अमुक सणापासून आजपर्यंत घरातलं कोण गेलं. गोम्यात लोक आपल्या माणसाला चटईत गुंडाळून रस्त्याच्या कडेला आणून ठेवत होते. ट्रकमध्ये भरताना ती प्रेतं मोजली जात होती. पुरण्यासाठी फ्रेंच सैन्याचे बुलडोझर लागले.

हे मोजणं काही जणांना निष्ठूर वाटतं. मला तसं वाटत नाही. कोणत्या छावणीत, कोणत्या वयाची, कशाने मरताहेत हे कळल्याशिवाय उद्या सकाळचा टँकर कुठे पाठवायचा हे ठरत नाही.

एक पेलाभर पाणी

पहिल्या आठवड्यात गोम्यातल्या निर्वासितांना माणशी दिवसाला सुमारे ०.२ लिटर शुद्ध केलेलं पाणी मिळत होतं. एक पेला. पिणं, स्वयंपाक, हात धुणं, जुलाबाने भरलेलं पोर धुणं, सगळं त्यात. उरलेली गरज सरोवराने भागवली, आणि सरोवरानेच पटकी पसरवली.

आज मदतकार्यात किमान अपेक्षा माणशी दिवसाला १५ लिटरची धरतात. पाच लाख माणसांना १५ लिटर म्हणजे ७५ लाख लिटर. दहा हजार लिटरच्या टँकरच्या रोज ७५० खेपा. उन्हाळ्यात मराठवाड्यात एका गावाला दोन खेपा पोचवताना काय होतं, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना या आकड्याचं वजन कळेल. म्हणून टँकरवर फार दिवस भागत नाही. सरोवरातून किंवा नदीतून पंपाने पाणी उचलायचं, मोठ्या रबरी टाक्यांत गाळ खाली बसू द्यायचा, क्लोरीन टाकायचं आणि नळकोंडाळ्यांपर्यंत पाइप न्यायचा. एका नळामागे २५० पेक्षा जास्त माणसं नकोत, आणि नळ तंबूपासून ५०० मीटरच्या आत हवा.

हे सगळं उभं राहीपर्यंतही लोक तहानेने थांबत नाहीत. तेव्हा एक फार साधी युक्ती करतात. काठावर एक माणूस क्लोरीनचं द्रावण भरलेली सिरिंज घेऊन उभा राहतो आणि पाणी भरून निघालेल्या प्रत्येक बादलीत ठरलेलं माप टाकतो. बस. आपल्याकडे ग्रामपंचायतीचा पाणीवाला विहिरीत टीसीएल, म्हणजे क्लोरीनची पावडर टाकतो आणि मग क्लोरीन तपासणाऱ्या ओटी टेस्टने पाणी पिवळं होतं का बघतो, त्याच जातीचं हे काम. आमच्या लहानपणी पहिल्या पावसानंतर विहिरीच्या पाण्याला तो वास आला की आम्ही नाकं मुरडायचो. त्या वासाची किंमत मला फार उशिरा कळली.

पाणी शुद्ध दिलं तरी घरात ते पुन्हा नासतं. उघड्या बादलीत तांब्या बुडतो, तांब्याबरोबर हात बुडतो. म्हणून निमुळत्या तोंडाचे, झाकणाचे कॅन वाटतात. आणि साबण. साबणाची वडी औषधांच्या यादीत नसते, पण पटकीच्या दिवसांत तिचं मोल औषधापेक्षा कमी नाही.

संडासाचं गणित २० माणसांमागे एक असं आहे. पहिल्या धांदलीत ५० माणसांमागे एक चालवून घेतात. नुसता आकडा गाठून मात्र भागत नाही. आतून कडी नसेल, वाटेवर दिवा नसेल, तर बायका रात्री तिकडे फिरकत नाहीत. त्या दिवसभर पाणीच कमी पितात. ज्या छावणीत संडास बांधण्याआधी बायकांना विचारलं जात नाही, तिथे तो पैसा निम्मा वाया जातो, असं माझं स्पष्ट मत आहे.

बनगावची पुडी

आता पटकीकडे येऊ, कारण या सगळ्या विषयाचा गाभा तिथे आहे, आणि त्यातला मोठा धडा आपल्याच देशात गिरवला गेला आहे.

पटकीचे जंतू आतड्यात एक विष सोडतात. त्याने आतड्याच्या पेशी रक्तातलं पाणी आणि क्षार बाहेर ओतू लागतात. जोर असेल तेव्हा तासाला लिटरभर पाणी जाऊ शकतं. जुलाब तांदळाच्या धुवणासारखे पांढरट होतात, डोळे खोल जातात, हाताची कातडी चिमटीत धरली की तशीच उभी राहते. धडधाकट माणूस काही तासांत जातो. जाण्याचं कारण जंतूपेक्षा शरीरातून गेलेलं पाणी हे असतं. तेवढं पाणी आणि क्षार परत देत राहिलं, तर बहुतेक रुग्ण चार-पाच दिवसांत उठून चालू लागतात.

पण नुसतं पाणी पाजलं तर आतडं ते घेत नाही, तसंच बाहेर टाकतं. इथे एक सुंदर खुबी आहे. आतड्यात मीठ आत घेणारी बरीच दारं पटकीत बंद पडतात, पण एक दार चालू राहतं. तिथे मीठ एकटं आलं तर प्रवेश नाही. साखरेचा, म्हणजे ग्लुकोजचा, हात धरून आलं तर दार उघडतं, आणि दोघांच्या मागोमाग पाणीही आत जातं. १९६० च्या दशकात ढाका आणि कोलकाता इथल्या संशोधकांनी हे रुग्णांवर पडताळून पाहिलं होतं. तरीही डॉक्टरांचा विश्वास शिरेतून दिलेल्या सलाईनवरच होता. तोंडाने द्यायचं औषध दवाखान्यात, डॉक्टरांच्या नजरेखाली ठीक, असं सगळे धरून चालले होते.

मग १९७१ साल आलं. पूर्व पाकिस्तानातून जवळपास एक कोटी माणसं भारतात आली. सीमेवरच्या बनगाव गावाच्या आसपास लाखो निर्वासित होते आणि पावसाळ्याच्या तोंडावर पटकीची साथ आली. कोलकात्याहून डॉ. दिलीप महालनबीस तिथल्या रुग्णालयात पोचले तेव्हा दोन खोल्या रुग्णांनी भरल्या होत्या, माणसं जमिनीवर घाणीत पडली होती. शीर शोधून सुई लावता येणारी माणसं त्यांच्याकडे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. सलाईनच्या बाटल्या संपत आल्या.

त्यांनी मग ग्लुकोज, स्वयंपाकाचं मीठ आणि खाण्याचा सोडा यांचं माप बांधलं. एका लिटरला २२ ग्रॅम ग्लुकोज, ३.५ ग्रॅम मीठ, २.५ ग्रॅम सोडा. कोलकात्यात पुड्या तयार करायच्या, प्लास्टिकच्या पिशवीचं तोंड गरम इस्त्रीने बंद करायचं आणि गाडीने बनगावला पाठवायच्या. तिथे पिंपात पाणी, पिंपाला तोटी, आणि पेल्याने पाजायला रुग्णाचे नातेवाईक. या शेवटच्या गोष्टीवर मी अडखळतो. आई, भाऊ, नवरा, जे इतका वेळ भिंतीला टेकून रडत होते, त्यांच्या हातात उपचार दिला. काही आठवड्यांत ३,००० हून अधिक रुग्णांना हे द्रावण मिळालं. आधी जिथे सुमारे ३० टक्के रुग्ण दगावत होते, तिथे हे प्रमाण ३.६ टक्क्यांवर आलं. लिटरचा खर्च ११ पैसे.

आपण ज्याला जलसंजीवनी म्हणतो ती हीच. आशाताईंच्या पिशवीतली ओआरएसची पुडी. मापात पुढे सुधारणा झाली, साखर-मीठ कमी केलं, सोड्याच्या जागी सायट्रेट आलं. महालनबीस २०२२ मध्ये गेले. मरणोत्तर पद्मविभूषण २०२३ मध्ये मिळालं. मला ते फार उशिरा वाटतं.

आता परत गोम्याला. बनगावला २३ वर्षं होऊन गेली होती. पुडी जगभर पोचली होती. नीट चालवलेल्या केंद्रात पटकीचे १ टक्क्यापेक्षा कमी रुग्ण दगावतात, हेही माहीत होतं. तरीही गोम्यातल्या काही केंद्रांत साथीच्या भरात २२ टक्क्यांपर्यंत रुग्ण मेले. जगभरातून घाईने आलेल्या अनेक डॉक्टर-नर्सनी पटकी कधी पाहिलीच नव्हती. जे पिऊ शकत होते तेही सलाईनची वाट बघत पडले. ज्यांना सलाईन लागलं, त्यांना ते थेंबथेंब गेलं, जेव्हा ते धो धो जायला हवं होतं. ५० किलोच्या माणसाला पहिल्या अर्ध्या तासातच दीड लिटर आणि पुढच्या अडीच तासांत साडेतीन लिटर द्यायचं असतं. विद्या होती, पुडी होती, पण ती वेळेवर ओठांपर्यंत नेणारी व्यवस्था नव्हती.

म्हणून आज पटकीचं केंद्र वेगळ्या रीतीने उभारतात. खाटेला मधोमध भोक, खाली बादली. रुग्णाला उठवायचं नाही, आणि बादलीवरून किती पाणी गेलं ते कळतं, तेवढं परत द्यायचं. आत जायची-यायची वाट एकच, दाराशी क्लोरीनचं पाणी. छावणीत जागोजागी छोटे ओआरएसचे कोपरे, म्हणजे पहिल्या जुलाबालाच पेला हाती येतो. फरक पडतो का? येमेनमध्ये २०१७ अखेर पटकीच्या संशयित रुग्णांची संख्या दहा लाखांवर गेली होती. युद्ध चालू, रुग्णालयं मोडकळलेली. मृत्यू मात्र २,२०० च्या आसपास राहिले. त्यातले सगळेच रुग्ण खऱ्या पटकीचे नव्हते, साधे जुलाबही त्यात धरले होते, तरी हा फरक थोडा नाही.

तोंडाने द्यायची पटकीची लसही आता आहे. बांगलादेशात कॉक्स बाजारला २०१७ मध्ये रोहिंग्यांचा लोंढा आला, तेव्हा ऑक्टोबरमध्येच काही लाख लोकांना ती पाजली. तिथे पटकीची मोठी साथ आली नाही. त्याऐवजी घटसर्प आला, जो अनेक तरुण डॉक्टरांनी फक्त पुस्तकात वाचला होता. कित्येक मुलांना लहानपणीच्या लसी मिळाल्याच नव्हत्या, त्याचं हे देणं होतं.

गोवर आणि दंडघेर

लसींमध्ये पहिला मान गोवराचा. आपल्याकडे गोवर म्हटलं की अंगावर पुरळ, ताप, कडुनिंबाचा पाला, चार दिवस घरात, एवढंच आठवतं. भरल्या पोटाच्या मुलाचा गोवर तसा असतो. उपाशी मुलाचा गोवर फुप्फुसांत आणि आतड्यात उतरतो, डोळे नेतो, आणि दाटीच्या छावणीत शंभरातली दहा-वीस मुलंही नेऊ शकतो. म्हणून पुरळ दिसायची वाट न बघता सहा महिने ते पंधरा वर्षांच्या मुलांना सरसकट लस टोचतात, सोबत जीवनसत्त्व अ चा डोस. यातल्या पुष्कळ कुप्या पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमधून गेलेल्या असतात. पुण्यापासून त्या तंबूपर्यंत कुपी २ ते ८ अंश तापमानात राहिली पाहिजे. कुपीवरच्या गोलातला चौकोन गोलाइतका गडद झाला की ती फेकायची. उपकेंद्रातल्या सिस्टर हे रोज बघतात.

अंगणवाडीताईंनाही तिथे परकं वाटणार नाही. दंडघेर मोजायची तीच रंगीत पट्टी वापरतात. ११.५ सेंटिमीटरच्या खाली लाल, म्हणजे मूल अतितीव्र कुपोषित, सॅम. साडेबारापर्यंत पिवळा, त्यावर हिरवा. मेळघाटात असो की सुदानमधल्या दारफुरमध्ये, दंडाला पट्टी तीच. सॅम मुलांना शेंगदाणा, दूधभुकटी, साखर, तेल आणि जीवनसत्त्वं यांची घट्ट पेस्ट देतात, ९२ ग्रॅमच्या पाकिटात ५०० कॅलरी. तिच्यात पाणी मिसळावं लागत नाही, हा तिचा सगळ्यात मोठा गुण. दूधभुकटीत छावणीतलं पाणी कालवलं की जुलाब आलेच. याच कारणाने परदेशातून कळवळ्याने पाठवलेले बाळदुधाचे डबे घात करतात. अंगावर पिणारं बाळ डब्यावर जातं आणि मग आजारी पडतं.

औषधांचंही तसंच. १९९२ ते १९९६ या काळात बोस्नियाला मदत म्हणून गेलेल्या औषधांपैकी सुमारे १७,००० टन निरुपयोगी निघाली. मुदत संपलेली, अर्धवट वापरलेली, न कळणाऱ्या भाषेतली. ती नष्ट करायला वेगळा खर्च आला. त्यापेक्षा ठरलेला संच पाठवतात: १०,००० माणसांना तीन महिने पुरेल अशा औषध-साहित्याच्या पेट्या. पूर आला की आपणही घरातल्या उरलेल्या गोळ्या आणि जुने कपडे गोळा करतो. पुढच्या वेळी आधी फोन करून विचारावं, काय हवंय.

छावणीत बाळंतपणं थांबत नाहीत. अशा वस्तीत एकूण माणसांच्या साधारण ४ टक्के गरोदर बायका धरतात आणि त्यांतल्या सुमारे १५ टक्के बायकांना अडचण येते. पाच लाखांच्या वस्तीत २०,००० गरोदर बायका. त्यांना प्लास्टिकचा कागद, साबण, नवं ब्लेड आणि नाळ बांधायचा दोरा देतात, आणि अडलेल्या बाईला रात्री सिझेरियनपर्यंत नेणारी गाडी लागते. गाडीचं डिझेल संपलेलं असतं, तिथे संच कामाचा नाही.

सगळीकडे हाच क्रम असतो असं मात्र नाही. युक्रेनमध्ये २०२२ साली म्हाताऱ्यांना रक्तदाबाच्या गोळ्या, मधुमेह्यांना इन्शुलिन, कर्करोगाच्या रुग्णांना पुढचा डोस हाच पहिला प्रश्न होता.

मदत कोणाच्या हातात जाते

गोम्याची एक बाजू सांगायची राहिली. छावण्यांवर ताबा वंशसंहार करणाऱ्यांचाच होता. धान्य वाटपाच्या याद्या त्यांच्या हातात, त्यातून त्यांचे सैनिक पोसले जात होते. ‘सीमाविरहित डॉक्टर्स’ या संघटनेच्या फ्रेंच शाखेने १९९४ च्या नोव्हेंबरमध्ये तिथून माघार घेतली. इतर कित्येक संस्था राहिल्या. यावर आजही वाद आहे. ओंजळ पुढे करणाऱ्याचा गुन्हा आधी तपासावा आणि मग पाणी द्यावं, हे मला पटत नाही. त्या ओंजळींमध्ये कितीतरी मुलांच्या होत्या. पण यादी कोणी केली, गोणी कोणाच्या तंबूत उतरली, हे पाहणं मदत देणाऱ्याचंच काम आहे.

गोम्यातल्या ५०,००० मृत्यूंनी मदतसंस्थांना स्वतःकडे बघायला लावलं. १९९७ मध्ये त्यांनी एकत्र येऊन किमान निकष ठरवायला सुरुवात केली. हे ‘स्फिअर’ निकष. वरचे १५ लिटर, २० माणसांमागे एक संडास, नळामागे २५० माणसं, हे आकडे आज त्याच पुस्तकात आहेत.

आणि गोमा? अलीकडच्या वर्षांत एम२३ या बंडखोर गटाच्या लढाईमुळे लाखो काँगोवासी पुन्हा त्याच शहराभोवती येऊन राहिले. जानेवारी २०२५ अखेर शहरच त्या गटाच्या ताब्यात गेलं. मुगुंगा हे नाव परत बातम्यांत आलं. पटकीही परत आली. कातळ अजून फुटत नाही, म्हणून तिथल्या छावण्यांत या वेळी जमिनीच्या वर, पायऱ्या चढून जायचे संडास बांधले आणि खालच्या टाक्या उपसून नेल्या. आणि किवूच्या काठावर बादली भरून निघालेल्या बाईला एक माणूस थांबवतो, सिरिंजने क्लोरीनचं माप टाकतो आणि अर्धा तास थांबून मग प्या, असं सांगतो.